वरचा तारा

लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातील नॅशनल गॅलरीत मी मुलीबरोबर गेलो होतो तो खरे तर दुसरीच चित्रे पाहण्यासाठी. चौतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाला अशा ठिकाणी गेल्यावर काय काय पाहायचे असते, याची यादी निवृत्तीच्या आधीपासूनच तयार असते. स्पॅनिश चित्रकार गोयाने काढलेले ड्यूक ऑफ वेलिंग्टन या इंग्रज सेनापतीचे व्यक्तिचित्र त्या यादीत नव्हते. सेनापतींची तैलचित्रे मला फारशी आवडत नाहीत. लाल किंवा निळा कोट, छातीवर धातूची आरास, मागे धूर किंवा घोडा आणि त्या सर्वांच्या वर, नाइलाजाने बसवल्यासारखा, एक चेहरा. राजवाड्यांत आणि संग्रहालयांत अशी चित्रे ओळीने लावलेली असतात आणि त्यांच्यासमोरून माणसे ओळीनेच पुढे सरकतात. मीही सरकलो असतो, पण हे चित्र इतके लहान निघाले की मी थांबलो. महोगनीच्या फळीवर रंगवलेले, जेमतेम ६४ सेंटिमीटर उंच आणि ५२ सेंटिमीटर रुंद. आमच्या शाळेच्या कार्यालयातील पुढाऱ्यांच्या तसबिरीही याहून मोठ्या होत्या.

पार्श्वभूमी जवळजवळ काळी आहे. तिच्यातून लाल कोट पुढे येतो, त्याच्या उंच कॉलरवर सोनेरी भरतकाम आहे, आणि त्या कॉलरमधून वर आलेला चेहरा सेनापतीच्या चित्रात असावा तसा नाही. डोळे मोठे आणि जरा जास्तच उघडे आहेत, पुष्कळ दिवस धड झोप न मिळालेल्या माणसाचे असतात तसे. तोंड किंचित उघडे असून वरचे दात दिसतात. व्यक्तिचित्र काढणारा कोणीही समोरच्याला पहिली सूचना देतो ती ओठ मिटून घेण्याची, कारण उघडे तोंड रंगवणे अवघड असते आणि दिसायलाही बरे दिसत नाही. शिवाय ज्याने पैसे मोजले आहेत त्याचे दात दाखवायचे नसतात हा या धंद्यातला जुना संकेत आहे. गोयाने तो पाळला नाही. समोरचा माणूस काही बोलत होता, किंवा बोलता बोलता थांबला होता, आणि गोयाने ते तसेच उचलले. त्यातली गंमत अशी की बोलणे ऐकू येण्याची सोय गोयाला नव्हती. १७९२-९३ च्या मोठ्या दुखण्यात त्याची श्रवणशक्ती गेली होती. वीस वर्षे तो माणसांची तोंडे हलताना नुसती पाहत आला होता. अशा चित्रकाराचे लक्ष ओठांवर खिळले तर त्यात नवल नाही, असे मला तिथे उभ्या उभ्या वाटले. हा माझा तर्क आहे, पण शिकवण्याच्या धंद्यात असे तर्क करण्याची खोड लागते.

हे चित्र १८१२ सालच्या ऑगस्टमधले आहे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये बादाहोसचा किल्ला घेताना तटाच्या खिंडारात पडलेल्या आपल्या सैनिकांची प्रेते पाहून वेलिंग्टन रडला होता. २२ जुलैला त्याने सॅलामांका येथे फ्रेंचांचा पराभव केला आणि १२ ऑगस्टला तो माद्रिदमध्ये शिरला. नेपोलियनने आपला भाऊ जोसेफ याला स्पेनच्या गादीवर बसवले होते. तो राजधानी सोडून गेला होता आणि रस्त्यांवर लोकांनी इंग्रज सेनापतीचे जल्लोषात स्वागत केले. तेव्हा वेलिंग्टन ४३ वर्षांचा होता आणि गोया ६६ वर्षांचा. गोयाची पत्नी होसेफा जून महिन्यात वारली होती. स्वतः गोयाची बाजूही तशी नाजूक होती, कारण पूर्वी तो स्पेनच्या राजाचा दरबारी चित्रकार होता, मधल्या काळात जोसेफच्या राजवटीसाठीही त्याने काम केले होते आणि तिच्याकडून मानचिन्हही घेतले होते. आता शहरात तिसरा धनी आला होता. चित्रकाराने अशा वेळी काय करावे? त्याने तिसऱ्याचे चित्र काढले. याच सुमारास त्याने वेलिंग्टनचे घोड्यावर बसलेले एक भले मोठे चित्रही काढले, जे आज लंडनमध्येच, ड्यूकच्या ॲप्सली हाउस या घरात आहे. त्याची क्ष-किरण तपासणी झाली तेव्हा वेलिंग्टनच्या रंगाखाली दुसऱ्याच कोणा घोडेस्वाराचे चित्र निघाले. कॅनव्हास महाग असतो आणि घोडा कोणत्याही स्वाराला चालतो.

मी मात्र लहान चित्रासमोरच उभा होतो आणि सवयीने छातीवरची मानचिन्हे मोजत होतो. गळ्यात लाल फितीला अडकवलेली सोन्याची मेंढी दिसते, ते स्पेनचे ‘गोल्डन फ्लीस’. त्याखाली स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातील युद्धाचा लष्करी सुवर्णक्रॉस. खांद्यावरून तिरपे उतरणारे दोन पट्टे, एक तांबडा आणि त्याच्याखालून डोकावणारा एक निळा. आणि डाव्या छातीवर, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला, तीन तारे त्रिकोणात बसवलेले आहेत. खालचे दोन पोर्तुगाल आणि स्पेन यांचे, अनुक्रमे ‘टॉवर अँड सोर्ड’ आणि ‘सान फर्नांदो’ या सन्मानांचे. वरचा तारा इंग्लंडच्या ‘ऑर्डर ऑफ द बाथ’चा, तांबडा पट्टाही त्याच सन्मानाचा. तो त्याला मिळाला १८०४ साली, तेव्हा तो वेलिंग्टन झालेला नव्हता, नुसता आर्थर वेलस्ली होता. आणि मिळाला तो युरोपातल्या कोणत्याही कामगिरीसाठी नव्हे, तर हिंदुस्थानातल्या. आदल्या वर्षी त्याने दख्खनमध्ये मराठ्यांविरुद्ध जी मोहीम चालवली, तिच्यासाठी.

अहमदनगर, असई, अडगाव, गाविलगड. मी ही नावे मनात म्हटली आणि मग मला त्या ताऱ्यावरून नजर हटवता येईना.

माझे आजोळ जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही तिथे जात असू तेव्हा मामांच्या वाड्यात बैठकीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला एक लोखंडी गोळा लावून ठेवलेला असे. मोठ्या मोसंबीएवढा, काळा-तांबूस, खवल्याखवल्यांचा. उचलायला गेले की आकाराच्या मानाने फारच जड लागे आणि हाताला गंजाचा वास राही. मामा म्हणत की त्यांच्या आज्याला तो असईच्या शिवारात नांगरताना सापडला. ते खरे असेल किंवा नसेल. आम्हा मुलांना तो दोन्ही पायांनी ढकलत अंगणापर्यंत नेण्यात रस होता आणि आजीला तो परत जागेवर आणून ठेवण्यात. ‘इंग्रजाचा गोळा’ असे त्याचे नाव होते. तो इंग्रजांचाच कशावरून, मराठ्यांचा कशावरून नाही, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही. त्या दिवशीच्या तोफांचा हिशेब पाहिला तर तो मराठ्यांचा असण्याचीच शक्यता जास्त, कारण वेलस्लीजवळ तोफा थोड्या होत्या आणि समोर शंभराच्या आसपास.

२३ सप्टेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांच्या फौजा केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात उतरल्या होत्या. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सरदार पोलमन नावाचा हॅनोव्हरचा जर्मन होता आणि त्याच्या हाताखाली दहा हजारांवर शिकवलेली माणसे होती. घोडदळ त्याच्या कितीतरी पट. वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढाईला साडेचार हजारांच्या आसपास सैनिक होते, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे घोडदळ. वाटाड्यांनी त्याला सांगितले की केळणेला जवळपास उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिले तर नदीच्या अलीकडे एक आणि बरोबर समोर पलीकडे एक अशी दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावे एकमेकांसमोर वसलेली असताना त्यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट नाही असे होणार नाही, एवढ्या एका विचारावर त्याने सैन्य नदीकडे वळवले, आणि उतार तिथे होताच. हा प्रसंग युद्धशास्त्राच्या पुस्तकांत मोठ्या कौतुकाने सांगतात. आजोळच्या माणसांना त्यात कौतुकाचे काही वाटत नाही. समोरासमोरच्या दोन गावांत सोयरिकी असतात, बाजार असतो, दळण असते. तिथे उतार असणारच. परक्या माणसाला ते सुचले हेच काय ते विशेष.

नदी ओलांडल्यावर जे झाले त्याला कौतुकाची भाषा पुरत नाही. पोलमनने आपली रांग वेळेत फिरवली, ही गोष्ट वेलस्लीला अपेक्षित नव्हती. मराठ्यांचे गोलंदाज तोफांना चिकटून राहिले. संगिनी अंगावर येईपर्यंत त्यांनी जागा सोडली नाही, आणि इंग्रजांची फळी तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही जण उठले आणि त्याच तोफा फिरवून त्यांनी पाठीमागून मारा केला. असई गावाच्या भिंतींजवळ ७४ वी हायलँडर पलटण चुकून पुढे गेली आणि तिचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. वेलस्लीच्या अंगाखालचे दोन घोडे पडले, एक गोळीने आणि एक भाल्याने. संध्याकाळपर्यंत शिंद्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती होत्या. इंग्रजांच्या बाजूला ४२८ मृत, ११३८ जखमी आणि १८ बेपत्ता. म्हणजे लढायला उतरलेल्या दर तीन माणसांमागे एक. मराठ्यांचे बाराशेच्या आसपास लोक मैदानात मेलेले सापडले. इंग्रजांच्या बाजूच्या या हिशेबातही गोरे किती आणि मद्रासकडचे देशी शिपाई किती हे पाहू लागले की ‘इंग्रजांची बाजू’ हा शब्द जपूनच वापरावा लागतो.

त्या रात्री वेलस्ली जमिनीवर, गुडघ्यांत डोके घालून बसला होता, असे त्याच्याबरोबरच्यांनी नोंदवून ठेवले आहे. पुढे वॉटर्लू जिंकून झाल्यावर, म्हातारपणी, आपण लढाईत केलेले सर्वांत चांगले काम कोणते असे कोणी विचारले तेव्हा त्याने एका शब्दात उत्तर दिले होते, ‘असई’. जखमींना अजिंठ्याच्या गढीत नेऊन ठेवले. हे वाचताना मला दरवेळी वाटते की तिथून थोड्याच कोसांवर वाघूर नदीच्या घळईत लेणी होती, त्यांतला पद्मपाणी अंधारात उभा होता आणि इंग्रजांना त्याचा पत्ता लागायला अजून सोळा वर्षे होती. माझ्या पेशामुळे असेल, पण त्या लढाईविषयी विचार करायला बसलो की मी नेहमी इथे येऊन भरकटतो.

आणखी एक तारीख गॅलरीतून बाहेर पडल्यावर लक्षात आली. वेलिंग्टन माद्रिदमध्ये शिरला तो १२ ऑगस्ट १८१२ ला; आणि नगरचा भुईकोट किल्ला त्याच्या ताब्यात आला तो १२ ऑगस्ट १८०३ ला. बरोबर नऊ वर्षे. त्याआधी चार दिवस नगरची पेठ शिड्या लावून घेतली होती, आणि ते पाहून इंग्रजांच्या छावणीतल्या गोखले नावाच्या मराठा सरदाराने काढलेले उद्गार प्रसिद्ध आहेत: हे इंग्रज भलतेच लोक आहेत, सकाळी आले, पेठेचा तट पाहिला, त्यावरून चालत गेले, आतली शिबंदी कापली आणि न्याहारीला परत आले. या वाक्यात कौतुक किती आणि शिसारी किती हे मला अजून ठरवता आलेले नाही. माद्रिदमध्ये चित्रासाठी बसलेल्या माणसाच्या मनात नगर आले असेल असे मी म्हणत नाही. त्याच्या छातीवर मात्र ते होते.

आता या चित्राचा जो भाग चित्रकाराला सर्वांत जास्त खुणावतो त्याकडे येतो, आणि त्यासाठी मला माझ्या स्वतःच्या एका फसलेल्या चित्राविषयी सांगावे लागेल.

१९८८ च्या सुमारास आमच्या गावातील एका निवृत्त सुभेदारांचे तैलचित्र काढण्याचे काम माझ्याकडे आले. त्यांच्या मुलांना ते बैठकीत लावायचे होते. सुभेदारसाहेब १९६५ आणि १९७१ अशी दोन्ही युद्धे पाहिलेले होते. मे महिन्याच्या दुपारी ते पूर्ण गणवेशात, कडक इस्त्री करून माझ्या ओसरीवर येत, खुर्चीत ताठ बसत आणि घाम पुसण्यासाठीही परवानगी विचारीत. चेहरा मला तीन बैठकांत साधला. तो थोडा थकलेला, थोडा वैतागलेला आला होता, आणि मला भीती वाटत होती की ते नाराज होतील. पदके मात्र त्यांनी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे ठेवायला दिली होती, आणि मी ती रात्री दिव्याखाली, सावकाशीने, रंगसंगतीच्या हिशेबाने रंगवली. दोन्ही तारे, समर सेवा आणि पश्चिमी, मी मधोमध घेतले कारण त्यांचे कोन चांगले दिसत होते, आणि रक्षा पदक व संग्राम पदक दोन्ही बाजूंना.

चित्र पाहायला ते पत्नीसह आले. चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलेच नाही. जवळ येऊन, चष्मा वर करून त्यांनी छातीची रांग वाचली, हो, वाचलीच, आणि म्हणाले, “गुरुजी, रांग चुकली. पदकांनाही ज्येष्ठता असते. हे असं घालून मी परेडला गेलो असतो तर मला परत पाठवलं असतं.” मी कान पकडले. त्यांच्या पत्नी तोपर्यंत चेहऱ्याकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “चेहरा बरोबर आहे. पेपर वाचून झाल्यावर असेच बसतात हे.”

रंग अजून पुरता वाळला नव्हता. मी पॅलेट नाइफने पदके खरवडली, टर्पेंटाइनने पुसली, कोटाचा रंग पुन्हा भरला आणि त्यावर योग्य क्रमाने पदके नव्याने रंगवली. समोरून पाहिले तर काही कळत नसे. पण खिडकीचा प्रकाश तिरपा पडला की पहिल्या ताऱ्यांचे कोन कोटाच्या रंगाखालून वर आलेले दिसत, जणू कापडाच्या आत आणखी एक पदक अडकलेले आहे. सुभेदारसाहेबांनी ते कधी बोलून दाखवले नाही. मला मात्र त्यांच्या बैठकीत बसलो की चहा गोड लागत नसे.

गोयाच्या चित्रात तसेच आहे. १८१४ सालच्या मे महिन्यात वेलिंग्टन पुन्हा माद्रिदला आला तोपर्यंत त्याचे नशीब दोन वर्षांत पुष्कळ वर गेले होते. तो फील्ड मार्शल झाला होता, ड्यूक झाला होता. १८१२ च्या चित्रातली छाती आता जुनी झाली होती. तेव्हा गोयाने तीच फळी पुन्हा हाती घेतली आणि मानचिन्हे दुरुस्त केली. गोल्डन फ्लीस नंतर बसवले आहे. आधीचे पदक मोडून त्या जागी सुवर्णक्रॉस आणला आहे. या क्रॉसच्या चार बाहूंवर चार लढायांची नावे असतात आणि त्याहून जास्त लढाया झाल्या की फितीवर एकेक पट्टी वाढते. वेलिंग्टनला शेवटी अशा नऊ पट्ट्या मिळाल्या. म्हणजे ज्या माणसाचे चित्र काढायचे त्याची छाती दर काही महिन्यांनी बदलत होती, आणि चित्रकार तिच्यामागे धावत होता. तैलरंग जुना होत जातो तसा थोडा पारदर्शक होतो, त्यामुळे दीडदोनशे वर्षांनी खालचे फेरफार वर डोकावू लागतात. चित्राजवळ जाऊन, पहारेकरी हटकणार नाही एवढ्या अंतरावरून, मी डोके तिरपे करून पाहिले. सोन्याच्या मेंढीच्या आसपासचा रंग इतरांपेक्षा दाट आहे, घाईचा आहे. पुढे गेले की ती मेंढी राहत नाही. पिवळा माती-रंग, त्यावर एक गडद फटकारा आणि त्यावर कुंचल्याच्या टोकाने ठेवलेले पांढुरक्या पिवळ्याचे दोन जाड ठिपके एवढेच उरते. दोन पावले मागे या की सोने लकाकते. वरचा तारा, बाथचा, मात्र पहिल्यापासून आपल्या जागी आहे.

आणि चेहऱ्याला त्याने हात लावलेला दिसत नाही. १८१४ चा ड्यूक, विजय पूर्ण झालेला, विश्रांती मिळालेला, कदाचित थोडा भरलेला, तोंड मिटून बसला असता. पण त्या ताज्या, दुरुस्त छातीच्या वर १८१२ च्या ऑगस्टमधले ते झोप उडालेले डोळे तसेच राहिले. आमच्या धंद्यात याला कोणी आळस म्हणेल. मला ते तसे वाटत नाही. सन्मान दुसऱ्यांनी दिलेले असतात आणि त्यांची यादी दुसरे ठेवतात, त्यामुळे ती चुकली तर दुरुस्त करावीच लागते. सुभेदारसाहेबांचे बरोबर होते. चेहरा त्या यादीत नसतो. तो ज्या दुपारी समोर होता त्या दुपारचा असतो, आणि गोयासारख्या माणसाला ती दुपार पुन्हा मिळणार नाही हे कळत होते.

त्याच वर्षी, १८१४ मध्ये, गोयाने माद्रिदच्या १८०८ सालच्या फ्रेंचांविरुद्धच्या उठावाची दोन मोठी चित्रे काढली. त्यांपैकी एकात कंदिलाच्या उजेडात, पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस हात पसरून बंदुकांच्या रांगेसमोर उभा आहे. त्याच्या छातीवर काहीच नाही. बंदुका रोखणाऱ्या शिपायांचे चेहरे गोयाने दाखवले नाहीत, त्यांच्या पाठी दाखवल्या. ही दोन चित्रे आणि ड्यूकची दुरुस्त केलेली छाती एकाच कुंचल्यांच्या बरणीतून, एकाच वर्षात बाहेर पडली आहेत. शिवाय घरात तांब्याच्या पत्र्यांवर तो युद्धाच्या हालांची मालिका कोरत होता, प्रेते, दुष्काळ, झाडाला टांगलेली माणसे. ती त्याच्या हयातीत छापली गेली नाही, १८६३ मध्ये छापली गेली, तेव्हा तो मरून पस्तीस वर्षे झाली होती.

असईच्या दुसऱ्या बाजूची चित्रे कोणी काढली? असा प्रश्न मला त्या दालनात पडला आणि उत्तर पटकन मिळाले, कारण ते लंडनमध्येच आहे. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार लढाईच्या दहा-बारा वर्षे आधी पुण्यात होता. त्याने सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांचे मोठे तैलचित्र काढले. ते रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. आपल्या दरबारात मानमरातब छातीवर टाचला जात नसे. तो डोक्यावर चढे, शिरपेच आणि तुरा म्हणून. गळ्यात पडे, कंठी म्हणून. मनगटावर येई, कडे म्हणून. किंवा अंगावर घातला जाई, मानाची वस्त्रे म्हणून. त्यात कोणत्या लढाईचे काय हे कोरलेले नसे, आणि म्हणून त्याची रांगही चुकत नसे. पण ज्या गोलंदाजांनी संगिनी छातीला लागेपर्यंत तोफा सोडल्या नाहीत त्यांच्यातल्या एकाचेही चित्र कोणी काढले नाही, इंग्रजाने नाही आणि आपणही नाही. इंग्रजांच्या बाजूच्या शिपायांना तरी पदक मिळाले का? मिळाले. १८५१ साली ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक निघाले आणि त्याच्या फितीवर ‘असई’ची पट्टीही होती, पण ते फक्त तोपर्यंत जिवंत असलेल्यांसाठी होते. अठ्ठेचाळीस वर्षांनी.

या चित्राची चोरीची हकीकत सगळ्यांना सांगायला आवडते, म्हणून ती थोडक्यात. १९६१ मध्ये एका अमेरिकन संग्राहकाने ते लिलावात १ लाख ४० हजार पौंडांना घेतले, तेव्हा ते देशाबाहेर जाऊ नये म्हणून वुल्फसन फाउंडेशन आणि सरकार यांनी मिळून तेवढीच रक्कम जमवली, आणि गॅलरीत लागल्यावर तीन आठवड्यांच्या आत, २१ ऑगस्टला, ते चोरीला गेले. म्हाताऱ्या पेन्शनरांना टीव्हीचा परवाना परवडत नाही, त्यासाठी पैसे द्या, अशी मागणी आली. चार वर्षांनी बर्मिंगहॅमच्या रेल्वे स्टेशनवरील सामानघरात चित्र सापडले. न्यूकॅसलच्या केम्प्टन बंटन नावाच्या निवृत्त माणसाला शिक्षा झाली ती केवळ चौकट चोरल्याबद्दल, कारण चित्र त्याने परत केले होते आणि चौकट मिळाली नव्हती. ती अजूनही मिळालेली नाही. आजची चौकट दुसरी आहे. मला या सगळ्यात एवढेच आवडले की हा थकलेला चेहरा चार वर्षे कोणाच्या तरी घरात, कोणीही न पाहता, एकटा राहिला.

मुलगी दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा ती शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, एवढं काय आहे त्यात?” मी तिला वरचा तारा दाखवला आणि म्हटले, हा आपल्याकडचा आहे. ती हसली. मी भोकरदन म्हटले, असई म्हटले, मामांचे दार म्हटले. मग ती हसायची थांबली आणि पुढे वाकून पाहू लागली, तेव्हा पहारेकऱ्याने आम्हा दोघांना नम्रपणे मागे सरकायला सांगितले.

त्या रात्री मी मामेभावाला फोन लावला. त्याच्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि तो शेतावर निघण्याच्या बेतात होता. इकडचे तिकडचे झाल्यावर मी विचारले, तो गोळा आहे का रे अजून, बैठकीच्या दाराला लावायचा तो.

“कोणता, इंग्रजाचा?” तो म्हणाला. “तो कधीच गेला दादा. विहिरीवरचं जुनं इंजिन भंगारात दिलं ना, तेव्हा त्याच्यासंगं टाकला. वजनात भर पडली तेवढीच.”

आता दाराला काय लावता, असे मी विचारले. वीट लावतो, म्हणाला.